टोपीच्या आतला मजकूर

समुद्रावरून आलेल्या पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि फ्रेंच अशा परस्परांच्या उरावर बसलेल्या लोकांना एकाच दावणीला बांधणारा एक शब्द जुन्या मराठीने फार पूर्वीच घडवून ठेवला होता, आणि तो त्यांच्या धर्मावरून किंवा वर्णावरून न घेता थेट त्यांच्या मस्तकावरून घेतला होता: टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या टोपीकरांना वखारीसाठी जागा देताना राज्याने कोणती सावधगिरी बाळगावी याचा स्वतंत्र विचार केलेला आहे. तो वाचताना मला नेहमी वाटते की जी वस्तू आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांत इतकी भरली की तिच्यावरून त्यांनी एका अख्ख्या मानवसमूहाला नाव दिले, त्या वस्तूकडे आपण मात्र कधी नीट निरखून पाहिले नाही. पगडीचे पेच, पागोट्याचे घाट, फेट्याचा तुरा यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. टोपीकराची टोपी कशाची असे आणि कशी घडे, ही हकीकत मात्र आपल्या वाचकांपर्यंत क्वचितच आली.

माझ्या घरी आज अशा अकरा टोप्या आहेत, आणि त्यांतील पहिली पुण्याच्या जुन्या बाजारातली आहे. पितळी कुलपे, मूक झालेली घड्याळे आणि कर्ण्याविना उरलेला एक ग्रामोफोन यांच्या पसाऱ्यात ती एका खिळ्याला लटकावलेली होती. राखाडी रंग, काठाला रेशमी फितीची गोट, माथ्यावर खिळ्याने उठवलेले टेंगूळ. “साहेबाची टोपी आहे काका, घालून तर बघा,” असे म्हणत विक्रेत्याने पाचशे सांगितले आणि तीनशेला दिली. मी ती घरी आणली ती भिंतीवरची शोभा म्हणून. परंतु त्या रात्री दिव्याखाली तिच्या आतली चामड्याची पट्टी उलटून पाहिली, आणि जे तिथे सापडले त्याने मला या छंदात कायमचे गुंतवले. ते काय होते हे सांगण्यापूर्वी टोपीची भाषा वाचकांना थोडी समजावून द्यायला हवी, कारण ती भाषा येत नसली तर आतला मजकूर डोळ्यांसमोर असूनही अडाण्याला मोडी दफ्तर दिसावे तसा दिसतो.

ज्याला आपण आज फेल्ट म्हणतो त्याला आपल्या भाषेत फारसीतून आलेला जुना शब्द आहे: नमदा. घोड्याच्या खोगिराखाली अंथरतात तोच हा जिन्नस. नमदा विणला जात नाही. त्यात उभा धागा नाही, आडवा धागा नाही, मागाचा संबंधच नाही. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात; केस ओले करून, उष्णता देऊन, दाबून आणि घासून हलवीत राहिले की हे खवले एकमेकांत अडकतात, केस पुढे सरकू शकतो पण मागे फिरू शकत नाही, आणि शेवटी सर्वांचा मिळून एक अभेद्य पदर तयार होतो. विंचरायचे राहिलेल्या केसांत जट होते ती याच न्यायाने, आणि गरम पाण्यात चुकून धुतलेला लोकरीचा स्वेटर धाकट्या भावाच्या मापाचा होऊन बाहेर येतो तोही याच न्यायाने. उत्तम टोपी म्हणजे हुकमाने आणि हिशेबाने केलेली जट, असे म्हटले तरी चालेल.

या जटेसाठी मेंढीची लोकर चालते, परंतु श्रेष्ठ टोपी लोकरीची नसून लवेची असते; म्हणजे बीव्हर, ससा, रानससा किंवा न्यूट्रिया अशा प्राण्यांच्या राठ बाह्य केसांखाली जो मऊ थर असतो त्याची. त्यांत बीव्हरची लव सर्वांत मानाची, कारण ती मुळातच उत्तम गुंतते आणि तिचा नमदा पावसाला दाद देत नाही. युरोपातील बीव्हर या हौसेपायी सतराव्या शतकापर्यंत जवळजवळ नामशेष झाला आणि व्यापाऱ्यांचे लक्ष उत्तर अमेरिकेकडे वळले. इंग्लंडच्या राजाने हडसन्स बे कंपनीला १६७० साली सनद दिली ती मुख्यतः याच व्यापाराच्या आशेने. आणि त्यानंतर चारच वर्षांनी रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर राहिला, तेव्हा लंडनच्या प्रतिष्ठित गृहस्थाची टोपी ही अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या लवेची असणे ही साधारण गोष्ट होऊन गेली होती. या व्यापारातील एक तपशील मला फार विलक्षण वाटतो. तिकडच्या मूळ रहिवाशांनी वर्ष-दोन वर्षे अंगावर वापरून जुने केलेले बीव्हरचे झगे नव्या कातड्यांपेक्षा अधिक भावाने विकले जात. कारण अंगाच्या घर्षणाने राठ केस गळून गेलेले असत आणि खाली टोपीवाल्याला हवी असलेली निर्मळ लव तेवढी उरलेली असे. माणसाच्या अंगाने एक प्रक्रिया पूर्ण करावी आणि तिची किंमत दुसऱ्याच माणसाच्या मस्तकावर मिरवावी, हा या धंद्याचा स्वभाव आरंभापासूनच दिसतो.

त्या स्वभावाची काळी बाजू पाऱ्यात आहे. बीव्हरची लव आपोआप गुंतते, सशाची तितक्या सहजी गुंतत नाही. म्हणून सशाच्या कातड्यावर नत्राम्लात विरघळवलेल्या पाऱ्याचे द्रावण ब्रशाने लावण्याची रीत पडली. त्यामुळे केसाचे खवले उभारत आणि टोके नारिंगी होत, म्हणून इंग्रजी कारागिरांनी या क्रियेला गाजरावरून नाव दिले. पुढे तोच नमदा कढत पाण्यात आणि वाफेत घोटला जाई, पारा हवेत मिसळे आणि बंद कारखान्यातला कामगार तो वर्षानुवर्षे श्वासावाटे घेई. हात थरथरू लागत, दात हलू लागत, तोंडाला लाळ सुटे, आणि शांत स्वभावाचा मनुष्य भित्रा, चिडखोर, चारचौघांना टाळणारा होई. अमेरिकेच्या कनेटिकट संस्थानातील डॅनबरी हे टोप्यांचे शहर. तेथे या थरथरीला गावाचेच नाव चिकटले होते. टोपीवाल्यासारखा वेडा हा वाक्प्रचार इंग्रजीत लुइस कॅरलच्या १८६५ च्या ‘अ‍ॅलिस’च्याही आधीपासून रूढ होता, आणि त्याच्या उगमाविषयी पंडितांत मतभेद असले तरी त्यात हसण्यासारखे काही नव्हते हे डॅनबरीच्या दवाखान्यांना ठाऊक होते. अमेरिकेत टोपीच्या नमद्यातून पाऱ्याला हद्दपार करण्यात आले ते डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे दोषाची ओळख पटल्यानंतर कितीतरी पिढ्यांनी.

बाकीची कृती ऐकायला सोपी आहे. भोके पाडलेल्या, फिरत्या तांब्याच्या शंकूवर आतून हवा ओढून लव बसवायची, वरून गरम पाण्याचा फवारा मारायचा, आणि तो पातळ, भला मोठा शंकू पुनःपुन्हा कढत पाण्यात गुंडाळून, दाबून, आकसवीत आणायचा. टोपी होईपर्यंत तो मूळ आकाराच्या निम्म्याहूनही लहान होतो. मग रंग, लाकडी साच्यावर आकार, आणि बारीक सँडपेपरने घासून पृष्ठभागाला पीचच्या सालीसारखी मखमल. या साऱ्यात एक पदार्थ आपला आहे. नमदा ताठ राहावा म्हणून त्यात लाखेचे द्रावण मुरवतात. सुतार कपाटाला पॉलिश करताना स्पिरिटमध्ये विरघळवतो तीच ही लाख, आणि जगाला ती पुरवण्यात हिंदुस्थान अग्रेसर होता. धनगराच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावून ताठपणा आणतात हे ज्याने पाहिले आहे त्याला लंडनच्या टोपीवाल्याची ही युक्ती परकी वाटणार नाही.

लाख किती मुरवावी यावरच टोपीची जात ठरते. भरपूर मुरवली की टणक, घुमटाकार बोलर. ती १८४९ साली लंडनच्या लॉक या पेढीने कोक घराण्यातील एका गृहस्थाच्या मागणीवरून, त्याच्या शिकाररक्षकांची डोकी झाडांच्या खालच्या फांद्यांपासून सुरक्षित राहावीत म्हणून, बोलर आडनावाच्या कारागिरांकडून करवून घेतली. ही लॉक पेढी १६७६ सालची आहे. काठ कडेने वर वळवलेला, माथ्यावर मधोमध एकच खोलगट घडी असलेली हॉम्बर्ग जर्मनीतील त्याच नावाच्या स्नानक्षेत्रातून आली. पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाने ती तिथे पाहून आपलीशी केली आणि मग सारा युरोप तिच्या मागे गेला. लाख अगदी बेताची ठेवली, की बोटांनी हवी तशी घडी घालता येणारी मऊ टोपी होते, आणि या कुळातील दोन सर्वांत पुरुषी समजल्या जाणाऱ्या टोप्यांची नावे मात्र दोन नायिकांची आहेत. फेडोरा हे नाव सार्दूच्या १८८२ सालच्या फ्रेंच नाटकातील राजकन्येचे, जिची भूमिका सारा बर्नहार्टने केली. ट्रिल्बी हे नाव जॉर्ज द्यु मोरियेच्या १८९४ सालच्या कादंबरीतील नायिकेचे. फेडोराचा काठ रुंद, ट्रिल्बीचा अरुंद आणि मागे उचललेला, एवढे लक्षात ठेवले तरी जुन्या चित्रपटांतील निम्म्या टोप्या ओळखता येतात.

येथे एका गैरसमजाचे निरसन करून पुढे जातो. आपल्याकडे जुन्या वाड्यांत आणि कलेक्टर कचेऱ्यांच्या अडगळीत जी पांढरी किंवा खाकी, घमेल्यासारखी टोपी सापडते ती फेल्टची नव्हे. ती सोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याची. टिचकी मारल्यास ती पोकळ वाजते. फेल्टची टोपी वाजत नाही.

फेल्टची टोपी हिंदुस्थानात आली साहेबाबरोबर, परंतु साहेबाच्याच डोक्यावर राहिली नाही. भगतसिंगांचे जे छायाचित्र घराघरांत पोहोचले, ते १९२९ साली असेंब्लीतील बॉम्बप्रकरणापूर्वी दिल्लीच्या एका स्टुडिओत काढलेले आहे आणि त्यात त्यांच्या मस्तकावर फेल्टची हॅट आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या काही छायाचित्रांतही ती दिसते. ज्या समाजाने मस्तकावर काय घालावे याचे नियम जातीजातीला आखून दिले होते, त्या समाजात कोणत्याही जातीच्या मालकीची नसलेली ही टोपी डोक्यावर ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. टोपी ही राज्यकर्त्यांनाही किती गंभीर वाटते याची साक्ष तुर्कस्तानने दिली. तिथे १९२५ मध्ये कायदा करून फेज बंद करण्यात आली आणि काठाची टोपी रूढ करण्यात आली. गंमत अशी, की ती हद्दपार फेजही फेल्टचीच होती.

आता जुनी टोपी हाती आल्यावर तिचा पंचनामा कसा करावा ते सांगतो. प्रथम बोटांनी विचारावे, मग डोळ्यांनी. काठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच चोळावा: लवेचा नमदा पातळ असूनही दाट, गुळगुळीत आणि जिवंत लागतो, वाकवला तर परत येतो, लोकरीचा जाडसर, किंचित खरखरीत, आणि वाकवला तर तसाच राहू पाहतो. मग काठाची कड पाहावी. ती नुसती कापलेली आहे, फितीने गोटलेली आहे, की दुमडून शिवलेली आहे? एक चौथा प्रकारही आहे. त्यात कड दुमडून पुन्हा नमद्यातच मिसळून टाकलेली असते आणि टाका कुठेही दिसत नाही. न्यूयॉर्कच्या कॅव्हेना या पेढीच्या नावाने ती ओळखली जाते, आणि ती दिसली तर टोपी चांगल्या घराण्यातली आहे असे समजण्यास हरकत नाही. काठाची रुंदी काळ सांगते, पण ढोबळ मानाने: दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अडीच इंचांच्या घरातले काठ आणि उंच माथे होते, तर १९६० च्या सुमारास काठ दोन इंचांच्याही आत आले आणि माथे बसले.

खरी साक्ष आत असते. टोपीच्या आतील कडेला कपाळाशी भिडणारी चामड्याची पट्टी असते. तिला मी घामपट्टी म्हणतो. तिच्यावर सोनेरी अक्षरांत कारखानदाराचा आणि पुष्कळदा विक्रेत्याचाही शिक्का असतो, कारण कारखाना एका देशात आणि दुकान दुसऱ्या खंडात ही त्या व्यापाराची नेहमीची वहिवाट होती. इटलीतील अलेस्सांद्रिया गावची, जुझेप्पे बोर्सालिनो याने १८५७ मध्ये स्थापन केलेली पेढी. फिलाडेल्फियाचा, १८६५ चा जॉन स्टेटसन. इंग्लंडची १७७३ ची क्रिस्टीज: ही नावे संग्राहकाच्या मुखी असतात. शिक्क्याखेरीज बारीकसारीक खुणाही बोलतात. अमेरिकन पत्त्यात पाच आकडी पिन क्रमांक असेल तर ती टोपी १९६३ नंतरची, कारण ती पद्धतच त्या वर्षी सुरू झाली. लेबलावर चेकोस्लोव्हाकिया असेल तर १९१८ पूर्वीची नव्हे. नोवी यिचीन गावचा ह्युकेल कारखाना त्याआधी ऑस्ट्रियाच्या राज्यात होता. इंग्रजी टोपीवर राजाश्रयाच्या चिन्हाखाली राणीचा उल्लेख असेल तर ती बहुधा १९५२ नंतरची. घामपट्टी हळूच बाहेर वळवली की मागे कागदाचा चिमुकला तुकडा चिकटवलेला दिसतो. त्यावर मापाचा आकडा असतो, आणि अमेरिकन टोपीत कामगार संघटनेचे लेबलही असू शकते. टोपीवाल्यांच्या आणि कॅपवाल्यांच्या संघटना १९३४ मध्ये एक झाल्या, त्यामुळे संयुक्त संघटनेचे नाव असलेली टोपी त्यापूर्वीची असू शकत नाही.

मापाच्या आकड्यातही देश लपलेला असतो. युरोपीय टोपीवर डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये असतो. इंग्रज आणि अमेरिकन इंचांत लिहितात, परंतु अमेरिकनाचा आकडा इंग्रजापेक्षा एक अष्टमांशाने जास्त असतो. तेव्हा ५७ सेंटिमीटरचे डोके लंडनमध्ये ७ चे आणि न्यूयॉर्कमध्ये ७ १/८ चे ठरते. नवशिक्या संग्राहकाने ही नोंद पाकिटात ठेवावी, नाही तर दूरदेशाहून मागवलेली टोपी भुवयांवर उतरते किंवा शेंडीवर तरंगते.

पंचनाम्यात दोष लिहायला विसरू नये. घामपट्टी वाळून तडकली आहे का, फितीखाली घामाचा काळा डाग वर चढला आहे का, माथ्याच्या पुढच्या चिमटीत चीर गेली आहे का, आणि सर्वांत मुख्य म्हणजे टोपी दिव्यासमोर धरल्यास उजेडाचे टिपके दिसतात का. ते टिपके म्हणजे कसर. डाग निघतो, बिघडलेला आकार परत येतो, पट्टीही बदलता येते. पण कसरीने खाल्लेला नमदा रफूने भरून येत नाही, तेव्हा अशी टोपी कितीही नामांकित असली तरी दर उतरवून मागावा.

आता निगा. हे प्रकरण युरोपीय पुस्तकांत वाचून भागत नाही, कारण त्यांनी आपला आषाढ पाहिलेला नाही. मी स्वतः एक लोकरीची तपकिरी टोपी पहिल्याच पावसाळ्यात गमावली. भिजून आलो, आणि लवकर वाळावी म्हणून ती शेगडीशेजारी ठेवली. तासाभरात ती एका मापाने लहान झाली, काठाला लाटा आल्या आणि घामपट्टीचे चामडे पापडासारखे कडक झाले. दोष शेगडीचा नव्हता. ओलावा, उष्णता आणि आकसणे या तिघांच्या संगनमताने जी वस्तू जन्माला येते तिला पुन्हा त्याच तिघांच्या हवाली केले की ती आपला जन्म पुढे चालू ठेवते, एवढेच.

म्हणून भिजलेली टोपी हलकेच झटकावी, घामपट्टी बाहेर वळवावी आणि त्या पट्टीवर टोपी उभी करून पंख्याच्या वाऱ्यात, उन्हापासून आणि आगीपासून दूर, आपल्या गतीने वाळू द्यावी. एरवी ठेवताना ती उलटी, माथ्यावर ठेवावी, म्हणजे काठाचा बाक मोडत नाही. खिळ्याला तर कधीच लटकावू नये. उचलताना आपण सारेच माथ्याची पुढची चिमूट धरतो. तीच सवय कालांतराने तिथे चीर पाडते. दोन्ही हातांनी काठ धरून उचलावी. मऊ केसांचा ब्रश घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा, कारण लव बहुतेक त्याच अंगाला बसवलेली असते. गडद टोपीचा ब्रश वेगळा, फिकट टोपीचा वेगळा. तेलकट डागावर मुलतानी माती भुरभुरवून रात्रभर ठेवावी आणि सकाळी झटकावी. गडद रंगावर मात्र तिचा पांढरा अंश राहतो, तेव्हा तिथे बेताने. बिघडलेला आकार किटलीच्या तोंडाशी धरलेल्या वाफेने मऊ होतो आणि बोटांनी पुन्हा घालता येतो. माझ्या राखाडी टोपीवरचे खिळ्याचे टेंगूळ असेच गेले: वाफेचे दहा-बारा झोत, आतून दोन बोटांची पाठ, बाहेरून तळहात, आणि मग ती थंड होईपर्यंत हात न लावण्याचा संयम.

कसरीविषयी आपल्या आजीबाईंचे शास्त्र निम्मे खरे आहे. कडुलिंबाची वाळलेली पाने, वेखंड आणि डांबराच्या गोळ्या पतंगाला दूर ठेवतात. परंतु नमदा खातात त्या अळ्या, आणि अंडी एकदा आत पडली की वेखंडाचा वास त्यांचे काही बिघडवीत नाही. बाजारातून आलेली प्रत्येक टोपी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवतो, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडत नाही, नाही तर टोपीला दव सुटते. पावसाळ्यात बंद पेटीत बुरशी येते, म्हणून दर पंधरवड्याला टोप्या बाहेर काढून वारा द्यावा. शेवटचा इशारा पाऱ्याचा. तो जुन्या नमद्यात दशकानुदशके टिकून राहतो. तेव्हा १९४१ पूर्वीच्या टोपीला सँडपेपर लावून धूळ उडवू नये, आणि अशी टोपी हाताळल्यावर हात धुवावेत.

हा छंद श्रीमंतांचाच आहे असे नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जगाने टोपी डोक्यावरून उतरवली. पुष्कळांनी त्याचे खापर अमेरिकेच्या केनेडींवर फोडले. वास्तविक ते १९६१ च्या शपथविधीला उंच टोपी घेऊनच आले होते, आणि टोपीची घसरण त्याआधीच सुरू झाली होती. मोटारींची छपरे खाली आली, घरे-कचेऱ्या आतून ऊबदार झाल्या, आणि ज्या वस्तूवाचून रस्त्यावर येणे असभ्य समजत ती वस्तू माळ्यावर गेली. स्टेटसनचा फिलाडेल्फियातील प्रचंड कारखाना १९७१ मध्ये बंद पडला. माळ्यावरच्या त्या टोप्या आज बाजारात येतात. संख्या वाढवण्याच्या मोहात न पडता प्रत्येक टोपीच्या नावे एक कागद ठेवावा आणि त्यावर माप, शिक्का, दोष, कुठे व कशी मिळाली हा तपशील लिहावा, असे मी नव्या संग्राहकांना सांगतो. तो कागद नसेल तर संग्रह म्हणजे नुसते गाठोडे.

आता त्या रात्रीची गोष्ट. माझ्या राखाडी टोपीच्या घामपट्टीवर इंग्रज कारखानदाराचा अर्धा पुसलेला शिक्का होता, मागच्या चिठ्ठीवर ७ चा आकडा होता, आणि पट्टीच्या मागे, चामडे आणि नमदा यांच्या सांदीत, घडी घालून बसवलेली वर्तमानपत्राची एक लांब पट्टी होती. सैल टोपी डोक्यावर नीट बसावी म्हणून अशी पट्टी घालण्याची युक्ती जगभर माहीत आहे. ही पट्टी मात्र मराठी होती. घामाने पिवळी, कडांना ठिसूळ; तिच्यावर बाजारभावाच्या रकान्याचा उभा काप आला होता आणि गूळ, तूर, शेंगदाणे असे शब्द अर्धेमुर्धे वाचता येत होते.

मी ती पट्टी मोजली. तिच्या जाडीने टोपी साधारण एका मापाने लहान होत होती. म्हणजे कोणा ५७ सेंटिमीटरच्या डोक्यासाठी निघालेली ही टोपी कधीतरी ५६ सेंटिमीटरच्या एका मराठी डोक्यावर आली, आणि त्या डोक्याच्या मालकाने सकाळचे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर, कात्रीने रकाना कापून, ती आपल्या मापाची करून घेतली. सशाची लव, पाऱ्याने थरथरणारे हात, हिंदुस्थानची लाख, लंडनचा शिक्का आणि त्यात शेवटी गुळाचा भाव.

जुन्या कागदातील आम्ल चामड्याला खाते, म्हणून जाणते लोक अशी पट्टी काढून टाकायला सांगतात, आणि त्यांचे खरे आहे. मी ती काढली, टोपी वाफेवर धरली, घामपट्टीला चामड्याचे तेल चोळले. आणि मग आम्लरहित कागदाच्या घडीत गुंडाळून ती पट्टी होती तिथेच परत बसवली. माझे स्वतःचे डोकेही ५६ चेच आहे.